उद्देशाचा रकाना

मुंबई, ६ जानेवारी १९८६

ती. दादूमामास,
विमलाचा शि. सा. नमस्कार.

तुमची कथा पोचली. आईला वाचून दाखवली. राही घराला कडी घालून मुंबईच्या गाडीत चढते, कंडक्टर "कुठं?" म्हणून विचारतो आणि ती "शेवटपर्यंत" म्हणते, तिथं आई म्हणाली, "आणि पुढं?" मी म्हटलं, पुढं काही नाही, संपली. आईनं माझ्या हातातला कागद घेऊन पाठीमागून पाहिला. तुमची सख्खी बहीण असून तिचा विश्वास बसला नाही.

मला आवडली. पण आता आमच्या 'दिशादर्शक' मासिकात माझ्या आवडण्याला काही अर्थ राहिलेला नाही. मी मुद्रितं तपासणारी. जुने संपादक गेले आणि तेंडोलकरसाहेब आले. त्यांचं म्हणणं असं, की लेखकानं काहीतरी साधण्यासाठीच लिहावं. नुसती गोष्ट सांगणं म्हणजे कागद फुकट घालवणं. त्यांनी एक फॉर्म छापून घेतलाय. नाव, पत्ता, पानं, आणि शेवटी 'कथेचा उद्देश, एका वाक्यात'. तो रकाना भरल्याशिवाय ते कथा हातात धरत नाहीत. फॉर्म सोबत जोडला आहे. तुम्ही शिलाईयंत्र सांभाळून दहा वर्षं आम्हाला कथा पाठवता आहात, यंदा खंड पडू देऊ नका.

तुमची,
विमल

---

पाली, १४ जानेवारी १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फॉर्म तीन दिवस यंत्राच्या खणात होता. बाकीचे रकाने भरले. शेवटच्याशी आलो की गिऱ्हाईक यायचं आणि मला बरं वाटायचं.

तुला खरं काय ते सांगतो. आपल्या शेजारच्या बाबूची बायको हौसा तू पाहिली आहेस. बाबू चौदा वर्षं मुंबईला गोदीत आहे, गणपतीला आणि शिमग्याला येतो. हौसा काही शिवायला टाकायला आली की दुकानाच्या पायरीवर बसते. समोर एस.टी. स्टँड. राजापूरहून येणारी मुंबईची गाडी सुटली, की ती मान वळवून वळणापर्यंत बघते आणि मग पुन्हा काजं-बटणांचं बोलायला लागते. एवढंच मी पाहिलं. त्यातून राही झाली.

हौसाला वाचता येत नाही, म्हणून तिला मी ती वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला सांगितली. दोन दिवसांनी येऊन आणखी एकदा. कशी वाटली विचारलं, तर म्हणाली, "तिला डावीकडची खिडकी द्या. सकाळचं ऊन उजवीकडं येतं." मी दिली.

तेव्हा रकान्यात असं लिहिलं आहे : 'उद्देश काही नाही. एक बाई दिसली, तिची गोष्ट सांगितली.' साहेबांना नमस्कार सांग.

तुझा,
दादूमामा

---

मुंबई, २४ जानेवारी १९८६

ती. दादूमामास,
शि. सा. नमस्कार.

फॉर्म परत आला. साहेबांनी त्यावर लाल शाईनं लिहिलंय : 'उद्देश नाही असे नसते. दडवू नये.' मी तुमच्या बाजूनं बोलायला गेले. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ज्याचा उद्देश दिसत नाही, त्याचा उद्देश बहुधा वाईट असतो.

मासिकाला आता एका मोठ्या संस्थेचा आश्रय मिळाला आहे. त्यांनी मान्य उद्देशांची यादीच पाठवली आहे. हुंडाबंदी, साक्षरता, धूर न होणारी चूल, लहान कुटुंब, राष्ट्रीय एकात्मता आणि अल्पबचत. दुसऱ्या कशासाठी लिहिलेली कथा घेता येणार नाही.

मामा, यातला एक निवडा. मला वाटतं चूल सगळ्यांत सोपी. राहीच्या घरात फक्त चूल बदलायची, बाकी कथा आहे तशीच ठेवा.

तुमची,
विमल

---

पाली, ९ फेब्रुवारी १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

चूल बदलून बघितली. चार ओळींत काम होईल असं वाटलं होतं. पण नवी चूल आल्यावर राही घरातून निघेचना. मी तिला दारापर्यंत आणायचा आणि ती परत आत जाऊन चुलीपुढं बसायची. शेवटी ते कागद फाडले.

म्हणून मी दुकानात येणाऱ्यांना विचारायला लागलो, की या कथेचा उद्देश काय असावा. ती चूक झाली. एक जण म्हणाला, दारू. कथेत दारू नाही म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणूनच. हौसाच्या कुंपणापलीकडची गोदा म्हणाली, बायकांनी कडी घालताना कुलूपही लावावं, हा उद्देश. मग पँटचं माप द्यायला बाबल्या आला. तो यंदा पंचायतीत निवडून आला आहे. त्यानं कथा उभ्या उभ्या वाचली आणि 'राही उन्हात गाडीची वाट बघत उभी होती' या वाक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, स्टँडवर शेड नाही, हाच उद्देश. दादूशेठनं किती खुबीनं मांडलाय.

त्यानं कथेची नक्कल करून घेतली, शेडच्या अर्जाला जोडली आणि चार माणसं घेऊन रत्नागिरीला कचेरीत देऊन आला. मला वाटलं, तिथं हसतील आणि विसरतील. पण कथेवर आवक क्रमांक पडला. पंधरवड्याच्या आत उत्तरही आलं. 'गैरसोय झालेल्या श्रीमती राही यांनी पाहणीच्या दिवशी, ता. २७ रोजी, स्थळी हजर राहावे.'

मी पंचायतीत जाऊन सांगितलं, की राही अशी कोणी नाही, ती मी रचली आहे. ग्रामसेवक म्हणाले, असं आता म्हणता येणार नाही. राही खोटी ठरली तर अर्ज खोटा ठरतो. तेव्हा गावाला आता एक राही पाहिजे आहे. सगळ्यांनी मिळून हौसाचं नाव घेतलं. तिनं फक्त उन्हात उभं राहायचं, गाडी आली की पाहणीला आलेल्या साहेबांसमोर चढायचं आणि पुढच्याच हातखंब्याच्या थांब्याला उतरून परत यायचं. तेवढ्या दिवसापुरती तिची म्हैस गोदा बघणार आहे.

तुझ्या साहेबांच्या रकान्यात शेड चालेल का, ते कळव.

तुझा,
दादूमामा

---

मुंबई, १७ फेब्रुवारी १९८६

ती. दादूमामास,
शि. सा. नमस्कार.

शेड यादीत नाही. साहेब मात्र खूष झाले. म्हणाले, बघ, माणसानं नाकारला तरी उद्देश कसा बाहेर पडतो.

मला ते सगळं बरं वाटत नाही. तुम्ही लिहिता, सगळ्यांनी मिळून हौसामामीचं नाव घेतलं. हौसामामीला कोणी विचारलं का?

तुमची,
विमल

---

पाली, २७ फेब्रुवारी १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुकान बंद ठेवून लिहितो आहे, कारण उघडं ठेवलं तर लोक आत येऊन भांडतात.

सकाळी रत्नागिरीचे साहेब जीपनं आले. हौसा साडेसातपासून उन्हात उभी होती. नवं लुगडं नेसली होती आणि हातात गाठोडं होतं. हातखंब्याला जाऊन यायला गाठोडं कशाला, हे मी विचारलं नाही. कथेतल्या राहीकडे गाठोडं आहे, तेव्हा शोभेला घेतलं असेल, असं मी समजलो. साहेबांनी कथेची नक्कल हातात धरून एकेक गोष्ट ताडून पाहिली. ऊन आहे. बाकडं नाही. बाई आहे. खालती टिपून घेतलं. मग तिला विचारलं, "आपणच राही काय?" हौसा हो म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली, की मला क्षणभर माझंच काही चुकल्यासारखं झालं.

गाडी आली. ती चढली आणि डावीकडच्या खिडकीला बसली. बाबल्यानं टाळ्या वाजवायला लावल्या. हातखंब्याला तिला परत आणायला माणूस उभा केला होता. तो दुपारी एकटाच आला. गाडी थांबली, दोघं उतरले, हौसा उतरली नाही. त्यानं खिडकीखालून हाक मारली, तर तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तशी.

आता गाव म्हणतं, हे सगळं दादूनं घडवून आणलं. ज्यांना महिनाभर उद्देश सापडत नव्हता, त्या सगळ्यांना तो एकदम सापडला आहे. ग्रामसेवकही म्हणाले, आधी रकान्यात लिहिलं असतंत तर आम्ही सावध झालो असतो. मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात तसं नव्हतं. पण तिला मी ती गोष्ट तीनदा वाचून दाखवली, हेही खरं आहे.

तिनं आयुष्यात चिपळूणसुद्धा पाहिलेलं नाही. तुझ्या मासिकाच्या पत्त्याचं एक पाकीट माझ्या दुकानातून गेलं आहे, ते तिच्याकडे असेल तर देवाची कृपा. लगेच काय ते कळव.

तुझा,
दादूमामा

---

मुंबई, ५ मार्च १९८६

ती. दादूमामास,
शि. सा. नमस्कार.

तार मिळालीच असेल. हौसामामी सुखरूप आहेत, आमच्याकडेच आहेत.

त्याच दिवशी रात्री, अंकाच्या कामामुळे उशिरा ऑफिस बंद करताना, त्या दारात उभ्या राहिल्या. हातात पाकीट. पोलिसापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ते दाखवत आल्या होत्या. तेंडोलकरसाहेबांनी विचारलं, कोण पाहिजे? तर म्हणाल्या, "राहीचं पुढं काय झालं, ते इचारायला आलंय." साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि कथेतून काय बोध घेतला म्हणून विचारलं. मामी म्हणाल्या, "बोध नाय घेतला. तिकीट घेतलं."

मला त्यांनी निराळं सांगितलं. कंडक्टरनं विचारल्यावर हातखंबा म्हणायचं, हे त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण गाडीत बसल्यावर तोंडातून 'शेवटपर्यंत' गेलं. गाठोड्याचं विचारलं, तर हसल्या. तेव्हा मामा, नक्की काय समजायचं ते तुम्ही समजा.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाबूमामांकडे घेऊन गेले. ते राहतात ती गावच्या मंडळाची खोली आहे, अकरा माणसं पाळीनं झोपतात आणि बाईमाणसाला तिथं राहता येत नाही. बाबूमामा त्यांना बघून एकदम म्हणाले, "म्हस कुणाकडं हाय?" चौदा वर्षांत ते मुंबईत मामींशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मामी म्हणाल्या, एका दिवसापुरती गोदाकडं. यावर दोघंही काळजीत पडले, पण परत जाते असं मामी काही म्हणाल्या नाहीत.

जिथं ही माणसं जेवतात त्या खानावळीत भाकरी करणारी बाई आजारी आहे. मामी परवापासून तिच्या जागी उभ्या राहिल्या आहेत. बाबूमामा आता रोज रांगेत बसून बायकोच्या हातचं जेवतात, सगळ्यांबरोबर. तिसरी भाकरी मागितली तर मामींनी खानावळीच्या मालकाकडे बोट दाखवलं.

तुमची,
विमल

---

पाली, ४ एप्रिल १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

बाबू शिमग्याला आला तो आला. पालखी झाली, बाकीचे चाकरमानी परत गेले, हा राहिला. गोदा म्हैस ठेवून घेईना. एका दिवसाचा शब्द दिला होता, पाच आठवडे झाले, म्हणाली. तेव्हा म्हैस सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून बाबूनं रजा वाढवली आहे.

शेडचं उत्तर आलं. 'अर्जदार स्थलांतरित झाल्याने गैरसोय संपुष्टात आली आहे. प्रकरण निकाली.' बाबल्या मला बघून रस्ता ओलांडतो.

सोबत एक नवी कथा आहे. राहीचीच आहे. ती मुंबईत वर्षभर राहते, तिला रात्रंदिवस घर आठवतं, आणि एक दिवस ती परत येते. सहज सुचली. छापण्यासाठी नाही. हौसाला पुढं काय झालं ते ऐकायचं होतं ना, म्हणून पाठवतो. सावकाश वाचून दाखव. शेवट जरा जोर देऊन वाच.

तुझा,
दादूमामा

---

मुंबई, १३ एप्रिल १९८६

ती. दादूमामास,
शि. सा. नमस्कार.

वाचून दाखवली. खानावळीच्या मागच्या पायरीवर बसून, दुपारच्या वेळी. शेवट जोर देऊन वाचला. मामी पीठ चाळत ऐकत होत्या. राही गाडीतून उतरते आणि डोळे पुसते, तिथं त्यांनी चाळण खाली ठेवली.

म्हणाल्या, "ही राही नाय. हिला कोणीतरी सांगून धाडलंन हाय."

मी म्हटलं, मामांना सहज सुचली. त्या म्हणाल्या, "दादूभावाला सहज सुचलं असतं तर ती खिडकीला बसली असती. हिला बसायला जागापण दिलेली नाय."

मी कागद पुन्हा पाहिला. खरंच, परतीच्या अख्ख्या प्रवासात राही कुठं बसली आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

मामा, बाबूमामांनी तुम्हाला लिहायला सांगितलं का? रागावू नका, मी विचारते एवढंच. मामींचा निरोप असा : गोष्ट नको. बाबू घरात एकटा काय करतो, ते दादूभावाला दिसतं, ते लिहून पाठवायला सांग. खरं लिहा म्हणावं.

तुमची,
विमल

---

पाली, २१ एप्रिल १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

होय. बाबू दुकानात आला होता. खाली बघत म्हणाला, "तुमच्या लिवण्यानं ती गेली, आता तुमच्या लिवण्यानं आणा." माणूस कधी नव्हे तो काही मागत होता. मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, जमतं का. राहीला लागोपाठ दोन रात्री बसून परत आणली. खिडकीचं ध्यानात आलं नाही.

आता हौसाला हे वाचून दाखव.

बाबू पहाटे उठतो. गोदीचा भोंगा वाजला असं त्याला वाटतं, मग अंगणात उभा राहून कुठं जायचं ते आठवत बसतो. म्हशीनं पहिले आठ दिवस त्याला दूध दिलं नाही. मग त्यानं दोरीवरचं हौसाचं जुनं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि धारेला बसला. तेव्हा दिलं. गोदानं ते कुंपणावरून पाहिलं आणि बाजारात सांगितलं, पण बाबू अजून ते लुगडं घेऊनच बसतो.

भात करपतो. या आठवड्यात तीनदा करपला. करपलेला खरवडून तो मडक्यात भिजत घालतो, फेकत नाही. अकरा माणसांच्या खोलीची सवय, म्हणून वीतभर जागेत भिंतीला चिकटून झोपतो. अख्खं घर मोकळं असतं.

दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. मुंबईहून येणारी गाडी थांबली, की उतरणारी माणसं बघतो. सगळी उतरली की उठतो आणि म्हशीला पाणी दाखवायचं आहे म्हणून घरी जातो.

हौसाला बोलवा असं तो पुन्हा म्हणालेला नाही. मीही तसं म्हणत नाही. तिनं विचारलं म्हणून लिहिलं.

तुझा,
दादूमामा

---

मुंबई, ३ मे १९८६

ती. दादूमामास,
शि. सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचायला लावलं. लुगड्याचं आलं तेव्हा मामी तोंडावर पदर घेऊन इतक्या हसल्या, की खानावळीचा मालक बघायला आला. भिंतीला चिकटून झोपण्याचं आलं तेव्हा हसल्या नाहीत. मग मला विचारलं, खाली गावाकडं जाणारी गाडी किती वाजता सुटते. आठ तारखेचं तिकीट काढून दिलं आहे. खानावळीत सांगताना त्या 'जाऊन येते' म्हणाल्या. ते आपण सगळेच म्हणतो, त्यावरून काही ठरवू नका.

पहिली कथा या अंकात छापून आली. गाडीत राहीच्या शेजारी बसलेली मुसलमान म्हातारी तिला केळं देते, ते साहेबांना सापडलं. रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं 'राष्ट्रीय एकात्मता' लिहिलं. संस्थेचं अभिनंदनाचं पत्र आलं आहे.

तुमची,
विमल

---

पाली, १२ मे १९८६

चि. विमल हीस,
अनेक आशीर्वाद.

हौसा आली. आठ तारखेला उतरली ती घरी न जाता आधी दुकानात आली. बाबू पायरीवरच होता. त्याच्या हातात तिनं गाठोडं दिलं आणि त्याला पुढं पाठवलं. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबूनं भात करपवलान, ते तुमी कशाला लिवलंत? मी यावं म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

"करपला म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दोऱ्याला गाठ मारायला घेतली, पण गाठ काही बसेना. मग तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि घरी गेली. राहणार की परत जाणार, हे मी विचारलेलं नाही. बाबूनंही विचारलेलं दिसत नाही. काल दोघं मिळून म्हशीला नदीवर नेत होती.

तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे. भात त्या आठवड्यात एकदाच करपला होता. बाकीच्या दोन वेळा मी करपवला. लुगडं खरं आहे, झोपणंही खरं आहे. तेवढं पुरेसं होतं, हे आता कळतं. पण लिहिताना हात थांबला नाही.

आज दुपारी गोदा एक झाकलेली ताटली घेऊन दुकानात आली. हौसानं दिली, म्हणाली. निरोप असा : बाबूनं शिजवलंन हाय, दादूभावाला नेऊन दे, आणि खाईपर्यंत तिथंच थांब. झाकण काढलं. पांढरा भात, शीत न् शीत सुटं, वर थोडं मीठ.

गोदा समोर उभी राहिली. मी कात्री बाजूला ठेवली आणि सगळा खाल्ला. चांगला झाला होता.

तुझा,
दादूमामा